परमुलखात कोंडलेली लक्ष्मी

दिवाळीच्या अंकात मरणाचा विषय काढला की आमच्याकडची वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात. "सणासुदीला कसले अभद्र बोलतोस?" हा प्रश्न ठरलेला. त्यांचा मान राखूनही मला विचारावेसे वाटते, की लक्ष्मीपूजनाला आपण चोपडीची पूजा कशासाठी करतो? व्यापारी त्या संध्याकाळी नवी वही उघडतो ती जुन्या वहीतले येणे-देणे पुढे ओढूनच. मग ज्या घरातल्या बापाचे येणे समुद्रापलीकडच्या बँकेत अडकून पडले आहे, त्या घराने ते कोणत्या मुहूर्तावर मोजायचे? मी तर म्हणतो, आजच मोजावे.

आमचे अण्णा पारनेर तालुक्यातले. या तालुक्याने पावसाची वाट पाहिली आणि तो आला नाही म्हणून परगावची वाट धरली. इथली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच बसल्या, तेव्हा त्यांतल्या काहींची पुढची पिढी आखातात गेली. अण्णा शारजात फिटर होते. २०२१ च्या मे महिन्यात रजेवर गावी आले असताना त्या साथीतच ते गेले. मागे राहिली आई, दोन बहिणी, मी आणि तिकडच्या एका बँकेतले खाते. त्या बँकेचे नाव मी घेत नाही; ती इतरांपेक्षा वाईट आहे असेही नाही. खात्यात रक्कम म्हणाल तर गावी दोन खोल्या बांधून वर स्लॅब टाकता येईल, एवढीच.

ही रक्कम मिळवायची कशी ते ऐका. प्रथम आपले न्यायालय. वारसाच्या दाखल्यासाठी आपल्याकडे अजून मुंबई इलाख्याचे १८२७ सालचे आठवे रेग्युलेशन चालते. पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षे झाली होती तेव्हाचे ते. दुसरा मार्ग १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालच्या प्रमाणपत्राचा. पण त्याच कायद्याचे ३८० वे कलम सांगते की हे प्रमाणपत्र भारतभर चालेल. भारताच्या वेशीबाहेर त्याचा अंमल संपतो. म्हणून त्यावर राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. १९६१ च्या हेग कराराला मानणाऱ्या देशात जायचे असेल तर एवढ्यावर भागते. २००५ पासून भारत त्या करारात आहे. परंतु संयुक्त अरब अमिराती त्यात सामील झालेली नाही. तेव्हा पुढे त्यांच्या वकिलातीचा शिक्का, नंतर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा, नंतर परवानाधारक भाषांतरकाराकडून अरबी तर्जुमा, आणि शेवटी तिथल्या न्यायालयाचा हुकूम. प्रत्येक पायरीवर शुल्क, आणि प्रत्येक पायरी चढायला आपल्या वतीने कोणीतरी माणूस. त्याला द्यायच्या मुखत्यारपत्रावर पुन्हा तेच सारे शिक्के.

एवढे करून नावे जुळली पाहिजेत. अण्णांचे नाव पासपोर्टात नुसते, तर मृत्यूच्या दाखल्यात मागे 'राव' लावलेले. ग्रामपंचायतीने मेलेल्या माणसाला मान दिला. तो मान बँकेला दुसरा माणूस वाटला. थोरल्या ताईचे शाळेच्या दाखल्यात एक नाव, लग्नानंतर सासरी ठेवलेले दुसरे, आणि आडनाव अर्थातच तिसऱ्याचे. ही कन्या तीच, हे सिद्ध करायला निराळे प्रतिज्ञापत्र! त्यातच २०२४ साली आमच्या जिल्ह्याचे नाव बदलले. मृत्यूच्या दाखल्यावर अहमदनगर आणि न्यायालयाच्या कागदावर अहिल्यानगर. बँकेने विनयाने विचारले, "मयत इसम या दोन जिल्ह्यांपैकी नेमके कोणत्या जिल्ह्यात वारले?" नाव बदलणाऱ्यांचा आनंद मला मान्य आहे, पण बदललेल्या नावाचा अधिकृत खुलासा, इंग्रजीत आणि शिक्क्यासह, तहसील कचेरीत मागितल्याबरोबर मिळावा, एवढी व्यवस्था त्या आनंदाबरोबर कोणी करायला नको होती काय?

यावर एक शहाणा पक्ष नेहमी पुढे येतो. तो म्हणतो, "बँकेने खात्री करून घ्यायलाच हवी. उद्या भलताच कोणी पैसे घेऊन गेला तर?" हे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते फार दिवस टिकले आहे. खात्री हवीच. प्रश्न आहे तो किती रकमेला किती खात्री, आणि तिला मुदत किती, हा. शेतजमीन घ्या. बाप गेला की तलाठ्याकडे अर्ज जातो, वारस नोंदीची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात. ज्या जमिनीसाठी भाऊ भावाचे डोके फोडतो तिची व्यवस्था गावच्या चावडीवर होऊ शकते. फिटरच्या पगारातल्या शिलकीला मात्र दोन देशांची न्यायालये लागतात.

खात्रीच्या नावाखाली काय काय घडू शकते याला इतिहास साक्ष आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी युरोपातल्या ज्यूंनी स्वित्झर्लंडच्या बँकांत पैसे ठेवले. युद्धानंतर त्यांची मुले मागायला गेली, तेव्हा अनेकांना सांगण्यात आले की मृत्यूचा दाखला आणा. छळछावण्यांत मारलेल्या माणसांचे दाखले कोण देणार होते? हे प्रकरण मिटायला १९९८ साल उजाडले, आणि तडजोडीची रक्कम ठरली १२५ कोटी डॉलर. आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होण्याच्या सुमारास तिथल्या पोर्तुगीज बँकेने, बांको नासियोनाल उल्त्रामारिनोने, लोकांनी गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला हलवले. ते परत आले १९९१ साली. ज्या बाईने लग्नातल्या पाटल्या गहाण टाकल्या, तिच्या नातीने त्या सोडवून आणल्या असतील. दोन्ही ठिकाणी पैसा कोणाचा याविषयी वाद नव्हता. ज्याच्या हाती तो होता त्याला परत करण्याची घाई नव्हती, एवढेच.

ही घाई कोणाला असते तेही पाहा. जानेवारी २०२० पासून अमिरातीतल्या ठराविक न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४-अ कलमाखाली थेट इथल्या जिल्हा न्यायालयात बजावता येतो. म्हणजे अण्णांनी तिकडे कर्ज बुडवले असते, तर त्या कर्जाची वसुली नगरपर्यंत जवळच्या वाटेने चालत आली असती. अण्णांची ठेव मात्र आडवाटेने, सात ठिकाणी थांबत यायची. धनको बँक असेल तर रस्ता डांबरी. धनको विधवा असेल तर पायवाट!

हे बदलता येत नाही असे कोणी सांगू नये. आपल्या रिझर्व्ह बँकेनेच २०२५ च्या सप्टेंबरात मयत खातेदारांविषयी नवे निर्देश काढले. नामनिर्देशन नसले तरी १५ लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत, सोप्या रीतीने दावा निकालात काढावा. कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत पैसे द्यावेत. उशीर केल्यास व्याजासह भरपाई द्यावी. देशात जे जमते ते दोन देशांत ठरवून का जमू नये? परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्यांच्या यादीत भारतीय जगात पहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स यांच्याशी कामगारांच्या निवृत्तिवेतनाविषयी आपण करार केले आहेत. मग अमुक रकमेपर्यंतची मयताची ठेव वारसांना आपल्या वकिलातीमार्फत, एकाच कागदावर आणि ठरल्या मुदतीत मिळेल, असा करार आखाताशी करावा, ही मागणी जगावेगळी कशी? पकडायला सरकार तत्पर आहेच: २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याप्रमाणे परदेशी खाते विवरणपत्रात न दाखवल्यास १० लाखांचा दंड आहे. लहान रकमांना, म्हणजे जमीनजुमला सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला, १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या दंडातून सूट मिळाली, हे बरे झाले. जे खाते दाखवायला सरकार सांगते, ते मिळवायलाही त्याने हात द्यावा.

आता सरकारवरून घराकडे वळतो, कारण तिथेही आपले हात स्वच्छ नाहीत. खाते कोठे, किती, कोणाच्या नावे, हे पुरुषाने बायकोला सांगायचे नाही, ही आपली जुनी रीत. नामनिर्देशन केले की काम संपले, हा आपला नवा भ्रम. नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारणारा हात आहे, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बँक ठेवीबाबतच स्पष्ट केले आहे. मृत्युपत्राचा शब्द काढला की घरात चूल विझल्यासारखे चेहरे होतात. दुबईत बिगरमुस्लिमांना मृत्युपत्र नोंदवण्याची सोय २०१५ पासून आहे; किती जणांनी तिकडे पाऊल टाकले असेल?

आणि एक गोष्ट भाऊबीजेच्या तोंडावर बोलायलाच हवी. अमिरातीत १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे, बिगरमुस्लिम माणसाने मृत्युपत्र केले नसेल आणि वारसांनी मायदेशाचा कायदा मागितला नसेल, तर अर्धी मालमत्ता पत्नीला आणि उरलेली मुलामुलींना सारखी मिळते. आपला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाही आई, मुलगा, मुलगी यांना सारखाच वाटा देतो. अडसर घालतो तो आपण. बहिणीला ओवाळणीत साडी घालायची आणि त्याच आठवड्यात हक्कसोडपत्रावर सही घ्यायची! परक्या बँकेने आमच्या बहिणीचा हक्क सिद्ध करायला चार कागद मागितले म्हणून मी चिडतो. पण ती बँक निदान तिचा हक्क आहे असे धरून चालते. पुष्कळ भाऊ तेवढेही धरून चालत नाहीत.

म्हणून या लक्ष्मीपूजनाला चोपडीबरोबर एक साधी वहीही पाटावर ठेवा. तीत घरातल्या प्रत्येक खात्याची बँक, गाव आणि देश लिहा. पासपोर्टातले नाव लिहा. बहिणीचे माहेरचे व सासरचे, दोन्ही नावे लिहा. परदेशात असलेल्या मुलाला फोन करून त्याच्याकडूनही ते लिहवून घ्या. मग आई आणि बहिणीसमोर ती वही मोठ्याने वाचा. कोणी अभद्र म्हणाले तर म्हणू द्या. बापाच्या घामाचा पैसा परक्या कपाटात पडून राहणे याहून अभद्र मला काही ठाऊक नाही.