विश्लेषण : पोकर ‘कौशल्याचा खेळ’ असेल, तर नवख्याने आधी काय शिकावे?

‘टेक्सास होल्डेम’ हा पोकरचा सर्वांत लोकप्रिय प्रकार. त्याचे नियम अर्ध्या तासात शिकता येतात आणि धोका नेमका तिथेच आहे. नियम कळले म्हणजे खेळ कळला, असे वाटू लागते. त्यात ‘हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे’ असे सांगून नवख्याला धीर दिला जातो. प्रत्यक्षात हे वाक्य ऐकून त्याने सावध व्हायला हवे.

हा खेळ आला कुठून?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ रुजला. रॉब्सटाउन हे त्याचे जन्मगाव असल्याचे टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये मान्य केले. १९६०च्या दशकात तो लास वेगासला पोहोचला आणि १९७० पासून तिथे ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’ भरू लागली. २००३ मध्ये टेनेसीतील ख्रिस मनीमेकर या अकाउंटंटने शंभर डॉलरहून कमी शुल्काच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धा गाठली आणि २५ लाख डॉलर जिंकले. त्यानंतर जगभर पोकरची लाट आली. त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. गोष्ट मात्र एकाचीच सांगितली जाते.

डाव कसा चालतो?

जोकर वगळून ५२ पत्ते असतात. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते उघडले जातात : आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर). एकूण सात पत्त्यांतून सर्वोत्तम पाच ज्याचे, त्याचा डाव.

पैजेच्या चार फेऱ्या होतात : हातातले पत्ते मिळाल्यावर एक, मग फ्लॉप, टर्न आणि रिव्हरनंतर प्रत्येकी एक. दर वेळी खेळाडू पैज लावू किंवा वाढवू शकतो, समोरच्याइतकी रक्कम भरू शकतो किंवा पत्ते टाकून बाहेर पडू शकतो. कोणी पैज लावलेली नसेल तर काही न भरता पुढेही जाता येते. बाकी सारे बाहेर पडले, तर उरलेल्याला पत्ते न दाखवताच सगळा पॉट मिळतो.

तीन पत्ती येणाऱ्यांची गफलत कुठे होते?

दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्याला पोकर ओळखीचे वाटते. पण पानांचा क्रम वेगळा आहे. तीन पत्तीत साधा सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो. पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सवर मात करतो. कारण साधे आहे. पाच पत्त्यांत सिक्वेन्स १०,२०० प्रकारे जमतो, तर फ्लश ५,१०८ प्रकारेच. जे दुर्मीळ, ते मोठे. तीन पत्तीत सर्वांत मोठे असलेले एकाच किमतीचे तीन पत्ते पोकरमध्ये सिक्वेन्सच्याही खाली जातात.

‘ब्लाइंड’ या शब्दाचा अर्थही बदलतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता चाल. होल्डेममध्ये मात्र पत्ते वाटण्यापूर्वी दोन खेळाडूंनी सक्तीने भरायची रक्कम म्हणजे ब्लाइंड. ही पाळी फिरत राहते. त्यामुळे काहीही न खेळता बसून राहिले तरी चिप्स कमी होतच जातात.

पहिले कौशल्य कोणते?

पत्ते टाकणे. तीन पत्तीवाले ज्याला ‘पॅक’ म्हणतात, ते. हातात दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात; कोणतीही जोडी १७ डावांत एकदा. नऊ-दहा जणांच्या टेबलावर सावध खेळाडू बहुतेक डाव सुरुवातीलाच सोडतो. नवख्याला हे कंटाळवाणे वाटते. ‘खेळायला बसलो, तर खेळणारच’ या हट्टाने तो राजा-सत्ती घेऊनही पुढे जातो. पुढे जोडी जमलीच, तर समोर मोठी जोडी किंवा त्याच राजासोबत मोठा पत्ता असतो आणि हरताना रक्कम मोठी जाते.

दुसरे कौशल्य जागेचे. ज्याची पाळी शेवटी येते, त्याला बाकीच्यांनी काय केले हे आधी कळते. म्हणून जे पत्ते शेवटच्या जागेवरून खेळावेत, तेच पहिल्या जागेवरून टाकणे शहाणपणाचे ठरते.

गणित किती लागते?

शाळेतल्या टक्केवारीइतके. समजा, हातात दोन बदाम आहेत, टेबलावरच्या चार पत्त्यांत आणखी दोन. फ्लशला एक बदाम हवा. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम आहेत, म्हणजे शक्यता जेमतेम २० टक्के. पॉटमध्ये २०० चिप्स होत्या, समोरच्याने १०० लावल्या. आता ३०० जिंकण्यासाठी १०० भरायच्या. हे परवडायला चारांतून एकदा, म्हणजे २५ टक्के वेळा जिंकायला हवे. पुढच्या पैजा बाजूला ठेवल्या, तर अशा प्रत्येक भरण्यात सरासरी २२ चिप्सचे नुकसान आहे.

तरीही पाचांतून एकदा बदाम येतो. तो पॉट लक्षात राहतो, उरलेले चार विसरले जातात. खेळ शिकण्यातला सर्वांत मोठा अडथळा ही आठवणच आहे.

चांगला निर्णय घेऊनही हार का होते?

दोन एक्के विरुद्ध दोन राजे, सगळ्या चिप्स मध्ये. एक्केवाला साधारण ८२ टक्के वेळा जिंकतो; पाच-सहा डावांतून एकदा हरतो. हरला म्हणून त्याचा निर्णय चुकीचा ठरत नाही आणि भलत्या पत्त्यांवर जिंकलेला नवखा हुशार ठरत नाही. कौशल्याचा फरक दिसायला हजारो डाव लागतात. प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. पहिल्या दोन-चार बैठकांतला नफा हा पुरावा नसून योगायोग असतो.

मग ‘कौशल्याचा खेळ’ हा इशारा कसा?

निव्वळ नशिबाच्या खेळात नवखा आणि जाणकार सारखेच. कौशल्याच्या खेळात मात्र कमी कौशल्याचा माणूस दीर्घकाळात हरणार हे जवळपास ठरलेले असते. पोकरमध्ये एकाने जिंकलेला पैसा दुसऱ्याच्या खिशातून येतो. त्यातून खेळ चालवणारा आपला वाटा कापून घेतो, तो वेगळाच. जाणकारांच्या टेबलावर नवख्याला मिळणारे आमंत्रण या हिशेबाने पाहायला हवे.

कायदा काय सांगतो?

न्यायालयांत एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी व पोकर हे कौशल्याचे खेळ मानले. ऑनलाइन खेळापुरता हा भेद संसदेने पुसला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. असे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण बेकायदा ॲपवर पैसे अडकले, तर दाद मागायची कुठे, हा प्रश्न उरतोच. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंना तिथल्या कायद्याने परवानगी आहे. तिथेही कॅसिनोचा वाटा सुटत नाही.

शिकावे कसे?

पत्त्यांचा एक जोड आणि चिप्सऐवजी चिंचोके किंवा सागरगोटे पुरतात. चार मित्र बसावेत, प्रत्येकाला सारखेच चिंचोके वाटावेत, संपले की तो बाद. फुकटच्या चिंचोक्यांवर कोणीही बेफिकीर खेळतो, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे हिशेब ठेवणे : किती डाव खेळलो, किती सोडले, कुठे भरायला नको होते. दोनशे डावांची वही पाहिली की स्वतःच्या सवयी दिसू लागतात.

शक्यता मोजणे, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे आणि नुकसानीत असताना डोके शांत ठेवणे, हे सारे पोकर खरोखरच शिकवते. त्यासाठी एक रुपयाही लावावा लागत नाही. ‘पैसे लावल्याशिवाय मजा नाही’ असे कोणी म्हणालेच, तर ती मजा नक्की कोणाची, हे आधी विचारावे.