कळपातून आलेला समाज

'समाज' हा शब्द भाषणांत, बातम्यांत, मोर्चाच्या फलकांवर, लग्नपत्रिकांत सर्वत्र भेटतो. त्याचे मूळ गुरे हाकण्याच्या कामात आहे, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानी नसते.

संस्कृतात 'अज्' या धातूचा अर्थ हाकणे, हाकत नेणे. त्याला 'सम्' हा उपसर्ग लागला की एकत्र हाकून आणणे असा अर्थ होतो. या एका जोडीतून दोन शब्द निघाले, 'समज' आणि 'समाज'. त्यांच्यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात (३.३.६९) वेगळे सूत्रच दिले आहे. समुदाय पशूंचा असेल तर 'अप्' प्रत्यय लागतो आणि रूप होते 'समज'. एरवी 'घञ्' लागतो, धातूतला स्वर दीर्घ होतो आणि 'समाज' तयार होतो. कळप आणि माणसांचा मेळा यांत व्याकरणाने अंतर ठेवले ते एका मात्रेचे! याच सूत्रात 'उदज' हा आणखी एक शब्द साधला आहे. त्याचा अर्थ गुरांना हाकणे. शब्दाचा प्रत्येक अवयव मोजून-मापून ठेवणाऱ्या पाणिनीला हाकण्याच्या कामाचे दोन शब्द नोंदवावेसे वाटले. गुराख्याची बोली त्याच्या कानांवर नेहमी पडत असली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

अमरकोश या संस्कृत शब्दकोशातही हा भेद जपलेला आहे. सिंहादिवर्गाच्या शेवटी अमरसिंहाने समूहवाचक शब्द एकत्र दिले आहेत. पशूंचा तो समज, इतरांचा तो समाज, तिर्यक् प्राण्यांचे, म्हणजे पशुपक्ष्यांचे, यूथ आणि सजातीय जिवांचे कुल. 'गोकुळ' या नावातले कुळ हेच. आपण मात्र आज ते घराण्यापुरतेच ओळखतो.

'समाज' पुढे बराच प्रवास करून आला. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात 'समाज' भरवू नये अशी आज्ञा कोरून ठेवली आहे. तिथे या शब्दाचा अर्थ जत्रेसारखा उत्सवी जमाव असा आहे आणि काही समाज चांगलेही असतात, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. एकोणिसाव्या शतकात हाच शब्द विचाराने बांधलेल्या माणसांसाठी वापरात आला. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज, १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज आणि १८७५ साली मुंबईत आर्य समाज स्थापन झाला. हाकून गोळा केलेला तो समज आणि स्वतःच्या विचाराने एकत्र आलेला तो समाज, इतका मोठा फरक त्या एका मात्रेत मावला. मराठीतली 'समज', म्हणजे आकलन, ही मात्र वेगळी. ती 'संबुध्' पासून प्राकृतमार्गे आली. गुरांच्या समजाशी तिचे नाते नाही.

गुरांच्या वावरातून आलेला दुसरा शब्द तर घरोघरी आहे. गायी उभ्या राहतात ती जागा गोष्ठ. त्यावरून आपला गोठा आला. त्याच गोष्ठावरून गोष्ठी, म्हणजे जमलेल्यांचे बोलणे, आणि त्यातून मुलांना सांगायची गोष्ट. गुरे जिथे जमत, तिथे माणसेही जमत आणि बोलत, एवढा इतिहास या शब्दांच्या जोडीत टिकून आहे.

मराठीने पशूंसाठीचा 'समज' ठेवला नाही, पण या बाबतीत ती गरीब राहिली नाही. गुरांचा कळप, पक्ष्यांचा थवा, उंटांचा तांडा, वानरांची टोळी, माशांची गाथण. 'खिल्लार' म्हणजे गुरांचा कळप आणि तो राखणारा खिल्लारी. याच शब्दाने माणदेशातली काटक, वेगवान बैलांची जात ओळखली जाते. धनगर मेंढरे घेऊन उतरतात त्या मुक्कामाला वाडा म्हणतात. धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बैलांसह फिरणारा बंजाऱ्यांचा तांडा आता स्थिरावला आहे आणि त्या वस्तीलाही तांडाच म्हणतात. यातला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी श्रमातून आला आहे. म्हणूनच 'कळपवृत्ती' म्हणून कळपाला हिणवण्याची सवय आम्हांला खटकते. जनावरे एकत्र राखायला राखणाऱ्याचे डोळे, आवाज आणि पाय दिवसभर लागतात, हे ती सवय विसरते.

शाळेत हे शब्द रिकाम्या जागा भरण्यापुरते येतात आणि एका गुणाला संपतात. खिल्लार, वाडा यांसारखे शब्द तर त्या यादीत बहुधा नसतातच. ते ज्यांच्या तोंडी आहेत, त्यांची गुरे कमी होत आहेत, चराईची राने आटत आहेत. शिक्षकांना आमची विनंती आहे की, समूहदर्शक शब्दांच्या तासाला गावातल्या एखाद्या मेंढपाळाला किंवा गुराख्याला वर्गात बोलवावे आणि त्याच्याकडचे शब्द मुलांकडून वहीत उतरवून घ्यावेत.