राजाचा वंशवृक्ष आणि कुंभाराची वंशावळ

पावसाळ्यापूर्वीं गांवांतले एक कुंभार गृहस्थ मुलाच्या जातपडताळणीसाठीं आमच्या शाळेंत आले. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा जातीचा पुरावा हवा, म्हणून आपल्या वडिलांचा शाळेचा दाखला मागत होते. आम्हीं जुनें रजिस्टर चाळलें. नांव नाहीं. असणार कसें? वडील जन्मभर चाकावर बसले; शाळेची पायरी ते चढलेच नव्हते.

वाचकहो, राजेलोकांना असा दाखला कोणीं मागितला होता काय? जर्मनीच्या मॅक्सिमिलियन बादशहानें आल्ब्रेख्त ड्यूरर वगैरे चित्रकारांकडून एका प्रचंड कमानीचें चित्र करविलें; त्यावर १५१५ साल आहे. त्यांत मधोमध बादशहाचा वंशवृक्ष, आणि त्याच्या मुळाशीं थेट पुराणकाळची ट्रॉय नगरी! आपल्याकडे भाटानें कुळ सूर्यापर्यंत नेऊन पोंचवावें, तसेंच. दरबारी पंडितांनीं सांगितलें, छापलें, झालें. पण तें झाड लांकडी ठशांवर कोरणारा न्यूरेंबर्गचा कारागीर हिरोनिमस आंद्रेए पुढें १५२५ च्या बंडांत शेतकऱ्यांच्या बाजूनें उभा राहिला, हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

आमच्या छत्रपतींची गोष्ट निराळी. १६६४ सालीं मालवणास समुद्रांत सिंधुदुर्गाचा पाया घातला तेव्हां त्यांचें कुळ कोणीं पुसलें नाहीं. राज्याभिषेकाची वेळ येतांच मात्र क्षत्रियत्वाचा पुरावा हवा झाला! उदेपूरच्या सिसोद्यांशीं नातें सांगणारी वंशावळ गागाभट्टांनीं मान्य केली, मुंज झाली, मग ६ जून १६७४ रोजीं अभिषेक. ज्यानें राज्य मिळविलें त्यालाहि वंशावळ दाखवावी लागली. तेथें कुंभाराचा काय पाड?

पुरावा मागूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. खोटे दाखले काढणारे आहेतच, आणि ते खऱ्याच्याच जागेवर बसतात. पण ज्या घरांत शाळा पोंचली नाहीं त्यांच्याकडे शाळेचा कागद मागणें हा कुठला न्याय? जमीन नांवावर नाहीं, म्हणून फेरफारहि नाहीं. अशा घरांच्या जुन्या नोंदी सरकारनेंच शोधून द्याव्या. दप्तर सरकारचें, किल्ली सरकारपाशीं, आणि हेलपाटे कुंभारानें घालावयाचे!

शेवटीं आम्ही त्यांच्याबरोबर तालुक्याच्या कचेरींत गेलों. जन्ममृत्यूच्या जुन्या कोतवाल बुकांत त्यांच्या आजोबांच्या नांवापुढें जातीसह एक नोंद निघाली, ती आत्याच्या जन्माची. आणि वंशावळींत पाहतों तों आत्याचें नांवच नाहीं! चार पिढ्या लिहिलेल्या, सारे पुरुष. ती वंशावळ त्यांनीं आमच्याच टेबलापाशीं बसून पुन्हां लिहिली.