निकेल शोधणाऱ्याला खाण द्या

भोसरी एमआयडीसीत माझं प्लेटिंगचं युनिट आहे. चाकणला जाणारे बोल्ट, क्लिपा, टर्मिनलं आमच्या टाक्यांतून निकेलचा थर घेऊन बाहेर पडतात. ८ मार्च २०२२ला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला लाख डॉलरच्या वर गेलं, व्यवहार थांबले, त्या दिवसाचे सौदेही रद्द झाले. आमचा अ‍ॅनोडवाला फोन उचलेना, आणि गिऱ्हाईक म्हणे, पीओत लिहिलाय तोच रेट.

तेव्हापासून चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो. रशियात नोरिल्स्कला निकेल-तांब्याचं जगातलं सर्वांत मोठं घबाड सापडलं, तिथेही आपल्यासारखेच लाव्ह्याचे थर आहेत. मग मोशीच्या खाणीत नुसती खडीच का?

वडिलांच्या टाक्या सांभाळण्याआधी मी भूशास्त्रात बी.एस्सी. केली, म्हणून सांगतो: प्रश्न वेडा नाही. लाव्ह्यात निकेल असतंच, पण सगळीकडे विखुरलेलं. ते गोळा करायला गंधक लागतं. नोरिल्स्कचा शिलारस वर येताना कोळसा आणि अ‍ॅनहायड्राइटच्या थरांतून आला. त्या बाहेरच्या गंधकाने सल्फाइडचे जड थेंब तयार झाले, त्यांनी निकेल-तांबं ओढून घेतलं आणि ते तळाशी साचले. आपल्याकडे? कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी रासाटीजवळ दीड किलोमीटर बोअर घेतलं. सुमारे ९३२ मीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाइस लागला, मधे गाळाचा खडकच नाही. एका बोअरवरून सगळ्या दख्खनचा निवाडा होत नाही, हे खरं. तरी पैसे माझे असते तर मी मोशीत खर्च केले नसते. वर्धा खोऱ्याकडे गेलो असतो, तिथे बेसाल्टखाली कोळसा आहे. किंवा त्याहून पूर्वेला, बेसाल्ट संपून जुने खडक उघडे पडतात तिथे. चंद्रपूर जिल्ह्यात थानेवासनाला तांबं असल्याचं माहीतच आहे.

देशात निकेल आहे, पण बहुतेक ओडिशात सुकिंद्याला क्रोमाइटवरच्या मातीत. ते सल्फाइड नाही. सल्फाइड दळून, फेसावर तरंगवून वेगळं काढता येतं, मातीतलं निकेल तसं निघत नाही.

मग सल्फाइड शोधणार कोण? २०१५पासून खाणी लिलावाने जातात. माहीत असलेल्या लोहखनिजाला लिलाव योग्यच, आधीच्या वशिलेबाजीपेक्षा केव्हाही बरा. पण जे सापडलेलंच नाही त्याचा लिलाव कसला? २०२३च्या दुरुस्तीने निकेल-तांब्यासह २९ खनिजांसाठी शोध परवाना आणला, तोही लिलावाने. परवानाधारकाने साठा शोधला की खाणीचा लिलाव वेगळा होणार, आणि शोधणाऱ्याला त्या लिलावाच्या प्रीमियममधला हिस्सा मिळणार. म्हणजे बोअरं कोरडी गेली तर तोटा त्याचा, आणि लागलं तर वाट बघायची, लिलाव कधी होतो आणि खाण कधी चालू होते याची.

कॅनडात लॅब्राडोरला व्हॉइसीज बे हे निकेल सल्फाइड १९९३मध्ये दोन प्रॉस्पेक्टरांना सापडलं. ते निघाले होते हिरे शोधायला! तीन वर्षांत इन्को कंपनीने ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलरला तो साठा घेतला. ज्याला सापडलं त्याचा हक्क होता, म्हणून लहान कंपन्या तिथे रानोमाळ हिंडतात. आपल्याकडे ते काम बहुतांशी भूवैज्ञानिक सर्वेक्षणावर सोडलंय. त्यांचे लोक हुशार आहेत, पण एका भागात दहा बोअरं फुकट गेल्यावर अकराव्याचा पैसा मागणं सरकारी फायलीत सोपं नसतं.

मराठा चेंबर रस्ते, वीज, ट्रक टर्मिनल यांवर सरकारकडे पाठपुरावा करतंच. एक निवेदन शोध परवान्याच्या कलमावरही द्यावं: सल्फाइड साठा जो शोधेल, त्यालाच ठरलेल्या रॉयल्टीवर खाणीचा पहिला हक्क. ग्रामसभा आणि वनखात्याच्या अटी अर्थातच तशाच ठेवून.