चिमूटभर मीठ

सासुरवाडी गोव्याची. मे महिन्याच्या सुटीत सासऱ्यांच्या हातची हुर्राक घेणे हा आमचा जावईहक्क. (मराठीच्या प्राध्यापकाने हे छापावे का? छापले!) आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे जहाल, काजूच्या बोंडांची पहिली धार मात्र मवाळ. तीच हुर्राक. पुन्हा भट्टीत चढली की फेणी. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते हिला.

यंदा सासरे नव्हते. मेव्हण्यांनी हुर्राक, सोडा, लिंबू, उभी चिरलेली मिरची असा पेला सिद्ध केला. आंबट! साखर घातली, गुळचट झाला. पुन्हा लिंबू. असे करता करता पेल्याचा तांब्या झाला. मी म्हटले, “अहो, आधी बर्फ घाला. गारव्याने गोडी दबते, वितळले की आंबटपणा मोडतो. कोमट चाखून निवाडा कसला करता?” ते पटले. तरी मागे काही कडवट राहीच.

आमची मंडळी या वस्तूला शिवत नाहीत. दारातून पाहत होत्या. पुढे येऊन त्यांनी बोट बुडवून जिभेला लावले.

“दादा, मीठ. बाबा चिमूटभर मीठ घालायचे.”

मेव्हण्यांनी मीठ घातले, घोट घेतला, आणि बराच वेळ ओसरीवर कोणी बोलले नाही.