वसतिगृहाचा कारभार कोणाच्या हाती?

आपल्या कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. हा गौरव आपण अभिमानाने सांगतो. पण त्यामागचा धडा मात्र विसरतो.

१८९६ साली शाहू महाराजांनी राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. दार सर्वांना उघडे होते. परंतु कारभार एकाच वर्गाच्या हाती राहिला आणि हळूहळू त्याच वर्गाची मुले तेथे उरली. इमारत होती, नियम उदार होता. उणीव होती ती व्यवस्थेत. हे ओळखून महाराजांनी मार्ग बदलला. १९०१ साली मराठा व जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह अशी मालिकाच सुरू झाली. ज्या समाजाची मुले, त्याच समाजाकडे बहुधा कारभार. खेड्यातला मुलगा शहरात टिकला तो यामुळे.

या व्यवस्थेलाही मर्यादा होती. जैन बोर्डिंगमध्ये राहणारे भाऊराव पाटील मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले व परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. जातीच्या हाती कारभार आला की जातीची शिस्तही येते. याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले, त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवली आणि स्वयंपाकापासून शेतकामापर्यंतची कामे स्वतः करू लागली. राहणाराच कारभारात भागीदार झाला.

आज वसतिगृहाचा विषय निघाला की खोल्या किती, कॉट किती, भत्ता किती एवढेच विचारले जाते. मेसचा हिशेब कोण ठेवतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मुलांच्या हाती पैसा दिला तर घोटाळा होईल, असे वडीलधारी मंडळी म्हणतील. होऊ शकेल. पण महिन्याचा हिशेब फळ्यावर लागला तर तो सर्वांना दिसतो. रेक्टरच्या कपाटातला कोणालाच दिसत नाही. शिवाय जो मुलगा विसाव्या वर्षी डाळ-तांदळाचा हिशेब मागायला शिकत नाही, तो उद्या ग्रामपंचायतीत हिशेब मागणार कसा?

प्रत्येक वसतिगृहात विद्यार्थ्यांनी निवडलेली मेस समिती असावी व तिला खरेदीचा अधिकार असावा. शाहूंच्या नगरीत एवढी मागणी जड वाटू नये.