एथनिसिटी फिल्टर गेला, मग 'फेअर ओन्ली' अजून कसं चालतं?

1 जून 2020 ला ग्राइंडर या गे डेटिंग अॅपने जाहीर केलं की पुढच्या अपडेटपासून 'एथनिसिटी' फिल्टर काढून टाकणार. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर आंदोलन पेटलेलं होतं. तोपर्यंत पैसे भरणाऱ्या युजरला कृष्णवर्णीय किंवा आशियाई पुरुष आपल्या यादीतून सरळ गाळता यायचे. त्याच महिन्यात इकडे शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढला आणि हिंदुस्तान युनिलिव्हरने 'फेअर अँड लव्हली'मधला 'फेअर' हटवायचं ठरवलं. या दोन्ही कंपन्या मुंबईतल्याच.

आता ग्राइंडर 'विंगमन' नावाचा एआय मदतनीस आणतंय, म्हणून हा विषय परत काढतोय. मी कांदिवली पूर्वेला राहतो, गे आहे, सावळा आहे. फिल्टर गेल्याने इथे काय बदललं? मला तरी काही दिसलं नाही.

फिल्टर म्हणजे नेमकं काय?

डेटाबेसमध्ये प्रत्येक प्रोफाइल ही एक ओळ आणि वय, उंची, एथनिसिटी हे कॉलम. फिल्टर म्हणजे त्या कॉलमवर लावलेली अट. फिल्टर काढला की स्क्रीनवरचं बटण जातं, कॉलम जागेवर राहू शकतो. असलं काम मी ऑफिसात केलंय, चहाच्या आधी संपतं.

शिवाय ती यादी अमेरिकेच्या हिशेबाने बनलेली. चारकोपचा मालवणी, महावीर नगरचा गुजराती, पोईसरचा जौनपूरवाला, सगळे 'साउथ एशियन'. मणिपूरहून आलेल्या मुलाने काय निवडायचं, 'एशियन' की 'साउथ एशियन'? आपला भेदभाव त्या कॉलममध्ये कधी बसलाच नव्हता. तो बायोमध्ये असतो: 'फेअर ओन्ली', 'नो भैया', 'गुड फॅमिली'. यातल्या 'गुड फॅमिली'चा अर्थ आडनाव विचारलं की कळतो.

2015 मध्ये पद्मा अय्यर यांनी मुलगा हरीशसाठी 'मिड-डे'त वर हवा म्हणून जाहिरात दिली. त्याआधी काही वर्तमानपत्रांनी ती नाकारली होती. धाडसाचंच काम. पण तिच्यातही जातीची अट नाही म्हटल्यावर कंसात अय्यरला प्राधान्य होतं. ते गमतीत होतं, असं हरीश यांनी सांगितलं. वाक्य मात्र ओळखीचं होतं.

शब्दांच्या यादीने हे पकडता येत नाही का? अर्धवट. 'काला' शब्दावर बंदी घातली तर दहीकाल्याचं आमंत्रणही अडकेल, आणि 'वेल-स्पोकन पाहिजे' आरामात सुटेल.

ब्लॉक: कारण नसलेली नोंद

एकाशी तीन संध्याकाळ मस्त गप्पा झाल्या. मग त्याने विचारलं, 'फोटोत उजळ दिसतोस, खरा किती सावळा आहेस?' मी ट्यूबलाइटखाली फोटो काढून पाठवला. मिनिटभरात त्याचं प्रोफाइल गायब.

सिस्टमच्या बाजूने बघितलं तर एवढंच घडलं: 'अ'ने 'ब'ला ब्लॉक केलं. का, ते कुठेच नाही. पण अशा हजारो नोंदींवर शिफारस करणारं मॉडेल शिकवलं, तर फोटो, पत्ता, भाषा यांतून ते रंग आणि वर्ग स्वतःच ओळखायला लागतं, रंगाचा कॉलम नसला तरी. 2016 मध्ये 'कॉफी मीट्स बेगल' या अॅपवर हे दिसलं. 'वंश कोणताही चालेल' म्हणणाऱ्यांनाही बहुतेक स्वतःच्याच वंशाची माणसं दाखवली जात होती. कंपनीचं म्हणणं असं की लोक बोलतात एक आणि निवडतात दुसरं.

ग्राइंडरची मुख्य ग्रिड अंतरानुसार लागते. म्हणून निदान दामू नगरचा मुलगा ठाकूर व्हिलेजवाल्याला दिसतो तरी. कोणाशी बोलावं हे उद्या एआय सुचवू लागला, तर तो दिसणारही नाही, आणि आपण गाळले गेलो हे त्याला कळणारही नाही. बायोमधलं 'फेअर ओन्ली' निदान वाचता येतं, स्क्रीनशॉट घेऊन रिपोर्ट करता येतं.

'ही तर ज्याची त्याची आवड' असं लोक म्हणतात. आवड मलाही आहे. 'नो भैया' लिहिणाऱ्या एकाशी मी महिनाभर बोलत होतो, कारण मी त्याला चालत होतो. तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं. आणि फिल्टर सरसकट वाईटच होता असंही नाही; काही कृष्णवर्णीय युजर त्यातून एकमेकांना शोधायचे.

कंपन्यांना विचारायचं ते हे: ब्लॉकच्या नोंदी मॉडेलला शिकवायला वापरता का? शिफारशीत कोण वारंवार मागे पडतं, हे तपासता का? तपासत असाल तर भारतासाठी कोणत्या गटांनुसार? पुन्हा 'साउथ एशियन' धरून मोजलं तर आकडा स्वच्छच येणार. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात आपल्या माहितीवर काय प्रक्रिया होते याचा सारांश मागण्याचा हक्क आहे. त्यात माझं वय, उंची, लोकेशन येईल. ट्यूबलाइटखालचा तो फोटोही येईल कदाचित. त्यानंतरच्या मिनिटाबद्दल मात्र फक्त 'ब्लॉक' एवढीच नोंद असेल.